मे महिन्यात आईला चादर लागायची: ग्रंथींचे आजार आणि घरच्यांच्या नजरेतून सुटणारी लक्षणं

पाला_दोरा

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं टेक्निशियन आहे. थायरॉईडचे, साखरेचे नमुने रोज माझ्या हातून मशीनवर चढतात. तरीही माझ्या सख्ख्या आईचा आजार मला दोन वर्षं दिसला नाही. ते सांगायला बसले आहे, कारण असंच काहीतरी तुमच्याही घरात चाललेलं असू शकतं.

आई विडी कामगार. लग्नाच्या आधीपासून विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात कापलेला पाला, बाजूला तंबाखू, बोटात दोरा. हात इतका बसलेला की मालिका बघता बघता हजार विड्या पुऱ्या व्हायच्या. मग कधीतरी हजाराच्या आठशे झाल्या, आठशेच्या सहाशे. बोटांना मुंग्या येतात म्हणायची. रात्री उठून हात झटकत बसायची. चाळीस वर्षं विड्या वळल्यावर हात जाणारच, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

त्यानंतर आवाज बसला. मामाने फोनवर विचारलं, "कोण बोलतंय?" पोट साफ होईना म्हणून इसबगोल सुरू झालं. चेहरा सकाळी सुजल्यासारखा दिसायचा, तर झोप जास्त झाली म्हणालो. बोलणं संथ झालं. विचारलेल्याचं उत्तर यायला वेळ लागायचा. बाबा चिडायचे, "हिचं आता कशात लक्षच नाही." मीसुद्धा दोन-तीनदा तिच्यावर ओरडले आहे. ते आता आठवलं की घशाशी येतं.

आणि मग मे महिना. सोलापूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पारा ४३ च्या वर, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला, आख्खी गल्ली गच्चीवर झोपायला. आई मात्र खालच्या खोलीत, पंखा बंद करून, अंगावर जाड सोलापुरी चादर. मी पाणी प्यायला खाली आले तेव्हा सहज तिच्या पायाला हात लावला. पाय गार. पाठीवरून हात फिरवला तर घाम नाही, कातडी कोरडी, खरखरीत, उन्हात वाळलेल्या पाल्यासारखी. तिथे त्या अंधारात मला एकदम सगळं ओळीने दिसलं.

सकाळी घरीच रक्त घेतलं. थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच ८६ आला. साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असायला हवा. मी नमुना परत लावला. परत तेवढाच.

डॉक्टरांनी तपासताना एक गोष्ट केली ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आईला स्टुलावर गुडघे टेकवून उभं केलं, पावलं मागे लोंबती. टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटकन मागे गेलं, पण परत जागेवर यायला वेळ लागला. हळूहळू, जडपणे. माझ्या पायावर मारली तेव्हा गेलं तसं आलं. "बघितलंत? तुमच्या आईचं सगळंच असं हळू चाललंय. आतडं, हृदय, मेंदू, सगळं." हातातल्या मुंग्याही त्यातल्याच. मनगटातून जाणारी शीर सुजेने दाबली जाते, त्याला कार्पल टनेल म्हणतात. विड्यांनी थोडा हातभार लावला असेल, पण मूळ गळ्यातल्या मंदावलेल्या थायरॉईड ग्रंथीत होतं.

वय ६१, म्हणून आधी ईसीजी काढला आणि थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचंच हार्मोन गोळीतून, अगदी कमी, २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू केलं. थंडावलेल्या हृदयाला एकदम पळवायचं नसतं. दीड-दोन महिन्यांनी टीएसएच बघून डोस वाढवत गेले. चौथ्या महिन्यात मामाने फोनवर आवाज ओळखला.

एवढं लिहिण्याचं कारण असं की ग्रंथींचे आजार ताप-खोकल्यासारखे दार वाजवून येत नाहीत. ते माणसाच्या स्वभावात मुरतात. आपण रोज त्याच माणसाला बघतो, म्हणून रोजचा रेसभर बदल दिसत नाही. आई आळशी झाली, मुलगी चिडचिडी झाली, बाबा जाड झाले, असं म्हणून मोकळे होतो. मी हल्ली एकच करायला सांगते: दोन-तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातला नाहीतर वास्तुशांतीचा फोटो काढा आणि शेजारी त्या माणसाला बसवा. आईचा फोटो मी असा बघितला तेव्हा ती मला दुसरीच बाई वाटली.

तुमच्याकडचे अनुभव लिहा. कुणी डॉक्टर असतील तर चुकलं तिथे दुरुस्त करा.

---

शेंगाचटणी

वाचताना काटा आला. ताई, एक विचारायचं होतं. मलाही थायरॉईड निघालाय, टीएसएच ११. नणंद म्हणते शेंगदाणे, कोबी, फ्लॉवर बंद. आमच्याकडे शेंगा चटणीशिवाय भाकरी तोंडात जात नाही. खरंच बंद करायचं का? आणि गोळी एकदा लागली की सवय लागते म्हणतात, ते?

---

जुना_स्टेथो

पाला_दोरा ताई, दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मी जिल्ह्यात तीसेक वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं. टाचेच्या हातोडीची खूण आजकालचे विद्यार्थी विसरत चालले आहेत, तुम्ही ती नेमकी टिपली.

ज्यांना पहिल्यापासून हवं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घामाच्या, लाळेच्या ग्रंथींना नळी असते. अंतःस्रावी ग्रंथींना नसते, त्या आपला रस थेट रक्तात सोडतात. म्हणून बिघाड एका जागी आणि त्रास अंगभर. थायरॉईड गळ्यात, साधारण ठुशी बसते त्याच्या आसपास. तिच्यावर हुकूम चालतो मेंदूच्या तळाशी असलेल्या हरभऱ्याएवढ्या पिट्युटरीचा. थायरॉईड काम करेनाशी झाली की पिट्युटरी जास्त जोराने हाका मारते. ती हाक म्हणजे टीएसएच. म्हणून ग्रंथी मंद आणि टीएसएचचा आकडा मोठा. ही उलटी गोष्ट लोकांना कळत नाही, आणि '८६ म्हणजे थायरॉईड वाढलाय' असं म्हणत फिरतात.

आपल्याकडे मोठ्या माणसांत हे बहुतेकदा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला केल्यामुळे होतं. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्याच्याच नावाने आजार ओळखला जातो.

शेंगाचटणी, तुमची चटणी चालू ठेवा. कोबी, फ्लॉवर, शेंगदाण्यात आयोडीनच्या कामात किंचित आडवे येणारे पदार्थ असतात हे खरं, पण घरात आयोडीनयुक्त मीठ असेल आणि भाजी शिजवून, बेताने खात असाल तर त्याने काही बिघडत नाही. मला जास्त काळजी वाटते ती हल्ली 'शुद्ध' म्हणून नुसत्या सैंधवावर गेलेल्या घरांची. आयोडीन मिसळलेलं नसेल तर ते त्यातून पुरेसं मिळत नाही, आणि गरोदर बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं, एरवी १५०. उलट बाजूही सांगतो: हाशिमोतो झाल्यावर जास्त मीठ खाऊन ग्रंथी सुधारत नाही.

सवयीचं म्हणाल तर थायरॉक्सिन म्हणजे तुमच्या शरीरात बनायला हवा होता तोच पदार्थ. विहीर आटली म्हणून टँकर लावला, तर टँकरची सवय लागली असं कुणी म्हणतं का?

---

पाला_दोरा

डॉक्टर, मनापासून आभार. गोळीचं थोडं मी सांगते, कारण लॅबमध्ये रोज हेच बघते. दोन-दोन वर्षं गोळी घेऊन टीएसएच हलत नाही आणि विचारलं की कळतं, गोळी चहाबरोबर घेतात. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या, नंतर किमान अर्धा तास चहासुद्धा नको, तासभर थांबलात तर उत्तम. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. आमच्याकडे आई पहाटे पाचला उठून आधी चहा टाकते, ते काही केल्या सुटेना. म्हणून डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्यायला लागलो, जेवणानंतर तीन तासांनी. तेही चालतं. बाटली न्हाणीघराच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवू नका, दमटपणा आणि ऊन दोन्ही तिला सोसत नाही.

तपासणीच्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्या. आणि केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर दोन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. बऱ्याच मशीनवर त्याने थायरॉईडचे आकडे खोटे येतात.

---

विजापूर_रोड_परीक्षार्थी

माझं बरोबर उलटं झालं, म्हणून लिहितो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, रूमवर राहतो. मेसमध्ये सहा-सहा भाकऱ्या खायचो आणि तरी चार महिन्यांत ८ किलो उतरलो. मित्र म्हणायचे, नशीबवान आहेस लेका. हात थरथरायचे, ओएमआरचे गोळे भरताना पेन्सिल बाहेर जायची. सारखा घाम, दिवसातून तीनदा संडास. छातीत धडधड. पहिल्या डॉक्टरांनी परीक्षेचं टेन्शन म्हणून झोपेची गोळी दिली. गावी गेलो तर आजीने दारातच विचारलं, "डोळे असे वटारून काय बघतोस रे?" तिला दिसलं ते मला आरशात दिसलं नव्हतं. ग्रेव्ह्ज निघाला, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करते तो आजार. तिला आवरणारी कार्बिमॅझोलची गोळी चालू आहे, आता बरा आहे.

---

जुना_स्टेथो

शाब्बास तुमच्या आजीची. टेन्शन आणि थायरॉईड यांत फरक करायची एक घरगुती खूण आहे. माणूस गाढ झोपलेला असताना नाडी मोजा. काळजीची धडधड झोपेत निवते, थायरॉईडची निवत नाही. शिवाय काळजीत तळवे गार आणि ओले असतात, यात गरम आणि ओले.

एक महत्त्वाचं, तुम्हाला सांगितलं असेलच, तरी सगळ्यांसाठी लिहितो. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आणि घसा दुखू लागला तर साधी सर्दी समजू नका. त्याच दिवशी गोळी थांबवून रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. फार थोड्या लोकांत त्या एकदम खाली जातात, पण ज्यांच्यात जातात त्यांच्यासाठी तो दिवस मोलाचा असतो.

---

अशोक_चौक

मी वडिलांबद्दल लिहितो. ते यंत्रमागावर होते, बारा-बारा तास उभं राहून गुडघे गेले. कुणीतरी सांगितलं, अमुक गावच्या बाजारात एक माणूस सांधेदुखीची पुडी देतो, आयुर्वेदिक आहे, गुण येतोच. आणि गुण आला हो! तिसऱ्या दिवशी वडील जिना चढले. भूक वाढली, चेहरा भरला, गाल लाल गोल झाले. पाहुणे म्हणायचे, तब्येत सुधारली. वर्षभर महिन्याला पुड्या आणत होतो. मी स्वतः मोटरसायकलवर जाऊन आणायचो.

नंतर लक्षात यायला लागलं की पोट सुटलंय पण हातापायाच्या काटक्या झाल्यात. मानेच्या मागे मांसाचा गोळा. जरा कुठे लागलं की कातडीखाली काळंनिळं. पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे. संडासला उकिडवे बसले की भिंत धरल्याशिवाय उठता यायचं नाही. साखर निघाली, बीपी निघालं. शेवटी एका मॅडमनी पुडी हातात घेऊन विचारलं, "हे किती दिवस घेताय?"

आम्ही घाबरून त्याच दिवशी सगळ्या पुड्या फेकल्या. ती आमची दुसरी चूक. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, बीपी इतकं खाली की वडील शुद्धीवर राहीनात. मध्यरात्री ॲडमिट केलं. आठवडाभर आयसीयू.

---

जुना_स्टेथो

अशोक चौक, तुम्ही हे लिहिलंत हे फार बरं केलंत. यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या सगळ्या कारकिर्दीत ग्रंथीच्या आजाराचे जे रुग्ण मनाला लागले ते बहुतेक हे पुडीवाले.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल बनवते. ताप, अपघात, ऑपरेशन अशा वेळी बीपी आणि साखर सांभाळणारं ते हार्मोन. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही स्टिरॉइडं त्याचीच भावंडं. निरोगी माणसाच्या ॲड्रिनल दिवसाला जेवढं बनवतात ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं. पुडीत मिसळलेलं असतं ते कितीतरी पट. बाहेरून एवढा पुरवठा आला की ग्रंथी काम थांबवून झोपी जाते. काही आठवडे घेतलं तरी एवढं होतं, इथे तर वर्ष होतं. मग एकाएकी बंद केलं की बाहेरचं नाही आणि आतलंही नाही. त्यातून ती उलट्यांची, बीपी कोसळण्याची अवस्था.

चेहरा चंद्रासारखा गोल, मानेमागे गोळा, जांभळे पट्टे या सगळ्याला हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाचं नाव आहे. त्याने १९३२ मध्ये पिट्युटरीच्या गाठीमुळे होणारा प्रकार मांडला. गाठीमुळे होणारा कुशिंग दुर्मीळ. आपल्याकडे दिसतो तो गोळीतून, पुडीतून, कधी दम्याच्या 'जडीबुटी'तून आलेला. बाळंतपणाचे पोटावरचे पट्टे कालांतराने पांढुरके होतात, हे जांभळेच राहतात आणि रुंद असतात.

हे वाचून कुणी आज पुड्या फेकणार असेल तर हात जोडून सांगतो, फेकू नका. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा. ते तुम्हाला मोजून स्टिरॉइड देतील आणि आठवड्या-महिन्यांत हळूहळू उतरवतील. आणि जे दम्यासाठी, संधिवातासाठी डॉक्टरांच्या सांगण्यावरून स्टिरॉइड घेताहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. ते औषध माणसं वाचवतं. फक्त मनाने बंद करायचं नाही.

---

तळ्याकाठी

याच ग्रंथीचा उलटा आजार आमच्या काकांना होता, म्हणजे कॉर्टिसॉल कमी पडण्याचा. काका शेतावर असायचे, वर्षभरात काळे पडत गेले. ऊन लागलं म्हणायचो. जेवणावर वासना नाही, पण पापडाचा खार, लोणच्याचं मीठ चाटून खायचे. उठून उभे राहिले की चक्कर. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं तर हिरड्यांवर आणि गालाच्या आतून काळे डाग, तळहाताच्या रेषा शाईने आखल्यासारख्या. ते म्हणाले, "तोंडाच्या आत कुठलं ऊन लागतं?" ॲडिसनचा आजार निघाला. तरुणपणी टीबी झाला होता, त्याने ग्रंथी खाल्ल्या होत्या.

---

जुना_स्टेथो

अगदी. थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये लिहिलं तेव्हा त्याच्याही रुग्णांत टीबी होताच. आपल्याकडे अजूनही ते कारण विसरून चालत नाही. काकांनी गोळी कधी चुकवू नये, आणि ताप आला की डोस वाढवायचा असतो तो किती, हे कागदावर लिहून पाकिटात ठेवावं.

---

होम_मैदान

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. पाळण्यात बसायच्या आधी पाणी, उतरल्यावर पाणी. मी पिशवीत घेतलेल्या दोन बाटल्या तासात संपल्या. मे महिना असता तर काहीच वाटलं नसतं, पण स्वेटर घातलेलं पोर एवढं पाणी का पितंय, असं क्षणभर मनात आलं आणि गर्दीत विसरले. तीन वर्षांचा असताना सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, त्यावर मी त्याला रागावले. मोरीत मुंग्या लागायला लागल्या.

संक्रांतीनंतर आठवड्याने उलट्या, पोटात दुखणं. बाहेरचं खाल्लं म्हणून सलाईन लावलं. श्वास खोल आणि जोरजोरात चालला होता, तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास. एका नर्सने तो वास ओळखला आणि बोटातून साखर बघितली. मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'हाय' लिहून आलं. टाइप वन डायबेटिस.

आज तो दहा वर्षांचा आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो आणि शाळेच्या संघात खो-खो खेळतो. इतर आयांनी एवढंच लक्षात ठेवा: खूप तहान, खूप लघवी, वजन उतरणं, सुटलेलं अंथरूण परत ओलं होणं. यातलं काही दिसलं तर बोटातल्या एका थेंबाची तपासणी त्याच दिवशी. मुलांना 'शुगर' होत नाही असं मला चार जणांनी सांगितलं होतं.

---

पाला_दोरा

होम_मैदान, त्या नर्सचे पाय धरावेसे वाटतात. १९२१ मध्ये टोरँटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, त्याच्या आधी असं मूल महिन्यांत जायचं. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन असतो तो बँटिंगचा वाढदिवस म्हणून.

तुम्ही उन्हाळ्यात इन्सुलिन कसं ठेवता? आमच्याकडे बरेच जण विचारतात.

---

होम_मैदान

न उघडलेलं फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशात, दारात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. वापरातली बाटली बाहेर चालते, पण आपल्या एप्रिल-मेत घरातच ३८-४० असतं, तिथे नाही चालत. आजोळी गावाला दिवसदिवस लाईट नसते. तिथे मोठ्या मातीच्या गाडग्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात डब्यात घातलेलं इन्सुलिन आणि वरून ओलं फडकं. दिवसातून दोनदा वाळूवर पाणी शिंपडायचं. आमच्या बालरोगतज्ज्ञांनीच शिकवलं. आणि बंद गाडीत, डिकीत दहा मिनिटंसुद्धा ठेवायचं नाही.

---

नवी_पेठ

माहितीपूर्ण धागा, मुख्य पानावर राहू द्या. दोन छोट्या नोंदी माझ्याकडून. मिस्टरांची अंगठी घट्ट झाली म्हणून सोनाराकडे कापून आणली, चपलेचा नंबर आठाचा दहा झाला, खालच्या दातांत फटी पडल्या. वय ४४. या वयात पाय वाढतो का, असं चपलेच्या दुकानदाराने विचारलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पिट्युटरीत गाठ होती, वाढीचं हार्मोन जास्त बनत होतं. नाकातून ऑपरेशन झालं. फोटोचं म्हणणं अगदी पटलं, आमच्या डॉक्टरांनीही लग्नाचा अल्बमच मागवला होता.

दुसरं, माझ्या भावाला चार वर्षांत तीनदा मुतखडा. पाण्याला दोष देत होतो. तिसऱ्या वेळी रक्तातलं कॅल्शियम तपासलं, ते वाढलेलं. थायरॉईडच्या मागे मसुरीएवढ्या चार पॅराथायरॉईड असतात म्हणे, त्यातली एक फुगली होती. ती काढली. त्यानंतर खडा नाही.

---

माणकाठ

मी सांगोल्याकडची आशा कार्यकर्ती. वाचून एक बाई सारखी डोळ्यांसमोर येतेय. वय ३४. आठ वर्षांपूर्वी घरीच बाळंत झाली, रक्त लई गेलं, दवाखान्यात नेईपर्यंत बेशुद्ध. जगली. पण अंगावर दूध आलंच नाही, बाळ वरच्या दुधावर वाढलं. त्यानंतर पाळी आली नाही ती आजपर्यंत. अशक्तपणा एवढा की ज्वारी काढायला गेली तर बांधावर बसून राहते. काखेतले केस गेलेत. सासरचे म्हणतात, कामचुकार आहे. थायरॉईडची तपासणी करून आणली, टीएसएच २.८, नॉर्मल. म्हणून सोडून दिलं. काही असेल का हो यात?

---

जुना_स्टेथो

ताई, असण्याची दाट शक्यता आहे, आणि तुम्ही क्रमाने सांगितलंत तोच निदानाचा क्रम आहे. गरोदरपणात पिट्युटरी मोठी झालेली असते. बाळंतपणात खूप रक्त गेलं की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती सुकते. याला शीहानचा आजार म्हणतात, हॅरॉल्ड शीहानने १९३७ मध्ये वर्णन केलं. पहिली खूण दूध न येणं, दुसरी पाळी परत न येणं. बाकीचं सावकाश वर्षांनुवर्षं.

टीएसएच नॉर्मल का आला ते बघा. वर मी हाकेचं सांगितलं होतं. इथे हाक मारणारीच गप्प झाली आहे. थायरॉईडचा रस कमी असूनही टीएसएच वाढत नाही, नॉर्मल किंवा कमीच दिसतो. एकट्या टीएसएचवर ही बाई कधीच सापडणार नाही. तिचा फ्री टी-फोर (थायरॉईडचा रस), सकाळी आठचं कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन आणि एफएसएच (दुधाचं आणि पाळीचं हार्मोन) आणि सोडियम बघायला हवं.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: टी-फोर कमी आला म्हणून कुणी आधी थायरॉक्सिन सुरू करू नये. अशा बाईला कॉर्टिसॉलही कमी असतं. आधी थायरॉक्सिन दिलं तर शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि ती कोसळू शकते. आधी स्टिरॉइड, मग थायरॉक्सिन. जाताना बाळंतपणाचे कागद असतील तर न्या, नसतील तर तुम्ही इथे लिहिलंत ते जसंच्या तसं चिठ्ठीवर लिहून द्या. दरम्यान तिला उलट्या किंवा ताप आला, ग्लानी आली तर तपासण्यांची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात हलवा.

---

माणकाठ

सासूला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. गप्प बसून ऐकलं. नंतर म्हणाली, दूध आलं नव्हतं तेव्हा आम्ही तिलाच बोललो होतो. सोमवारी पहिल्या एसटीने सोलापूरला सिव्हिलला आणते तिला.

---

पाला_दोरा

मी सोमवारी सकाळची सुट्टी टाकते आणि सिव्हिलच्या दारात थांबते. कॉर्टिसॉलचं रक्त आठच्या आसपास गेलं पाहिजे, म्हणून पहिल्या गाडीने निघालात तरी उशीर होईल असं वाटलं तर रविवारी संध्याकाळीच या, आमच्याकडे मुक्काम करा. आई म्हणाली, जेवायला थांबायचं. नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवतेय. आणि तिचा लग्नातला फोटो घेऊन या.